पाळण्यातल्या महाराजांविषयी : समस्त आत्याबाईंना अनावृत पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासच्या गावांतल्या समस्त आत्याबाईंना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र जन्म-मृत्यू नोंदणीच्या साहेबांना जायला हवं, असं आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींचं मत पडलं. मला ते पटलं नाही. साहेब नाव लिहून घेतात, ठेवता तुम्ही. बाराव्या दिवशी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरतं, मग तुम्ही वाकून त्याच्या कानात कुर्रर्र करता, आणि बायकांचे धपाटे पाठीवर झेलत जो शब्द उच्चारता तो त्या जिवाला मरेपर्यंत चिकटतो. एवढा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षाला नाही आणि आमदारालाही नाही.

त्या अधिकाराचं अलीकडे काय झालंय ते तुम्ही जाणताच. नाव आधीच मोबाइलवर ठरलेलं असतं. 'आमच्या घरी युवराजांचं आगमन' असा भलामोठा फलक गल्लीच्या तोंडाला लागलेला असतो, आणि गडहिंग्लजहून एसटीने येणाऱ्या आत्याला भाच्याचं नाव तो फलक वाचून कळतं. मग कुर्रर्र उरतं ते फोटोपुरतं.

मी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत मास्तरकी केली. पहिलीत येणाऱ्या पोरांची नावं दाखल करून घेणं हे दर जूनचं काम. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं की पानामागून पान कल्लाप्पा, यल्लाप्पा, नागाप्पा, भरमाण्णा, निंगाप्पा, लगमाण्णा, परशराम, सातेरी, रवळू. अलीकडच्या पानांवर युवराज, सम्राट, राजवीर, शिवराजे, शंभूराजे, श्रीमंत, आणि मधूनच एखादा प्रिन्स. एका बाकावर तीन राजे बसलेत आणि तिघांत मिळून एक पेन्सिल, असे वर्ग मी शिकवलेत. 'सम्राट, आधी शेंबूड पूस' हे वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणून दाखवा. 'श्रीमंत, चप्पल कुठाय तुझी?' हे मात्र मला म्हणवत नसे. त्याच्या वर्गातली पोरं रोज म्हणायची.

म्हणून कुणी म्हणेल, मास्तरांना किताबांचा राग आहे. तसं नाही. पदवीचं नाव होणं आपल्याकडे नवं नाही, उलट आपला मुलूख असल्या नावांवरच पोसलाय. नेसरी आपल्यापासून लांब नाही. कुडतोजी गुजर नावाच्या माणसाला शिवाजी महाराजांनी 'प्रतापराव' हा किताब दिला, सरनौबत केलं, आणि २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी तो सहा सोबत्यांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेला तो त्या नेसरीजवळ पडला. त्याच्या जागी तळबीडचे हंसाजी मोहिते आले, त्यांना 'हंबीरराव' हा किताब मिळाला. आज कुडतोजी किंवा हंसाजी असं नाव कुणी ठेवत नाही. प्रताप आणि हंबीरराव मात्र गावोगाव सापडतात. माणसाचं पाळण्यातलं नाव पुसलं गेलं आणि किताब पाळण्यात आला. घोरपड्यांचा 'हिंदूराव', चव्हाणांचा 'हिंमतबहाद्दर', घाटग्यांचा 'झुंजारराव', ही सगळी एकाच वाटेने आलेली मंडळी.

कागलच्या घाटग्यांचा दुसरा किताब 'सर्जेराव'. सर्जा म्हणजे सिंह. हाच सर्जा कित्तूरच्या देसायांच्याही नावात आहे. राणी चन्नम्मांचे पती मल्लसर्जा. मराठी-कन्नड वाद कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा दोन्हीकडची घराणी एकाच किताबावर खूश होती. पुढे त्या किताबाचं काय झालं ते बेंदराला बघा. शिंगं रंगवून, झूल घालून गावातून जी जोडी फिरते तिचं नाव सर्जा-राजा. दरबारात मिळालेला किताब घराण्याचा होतो, मग साध्या माणसाच्या पोराचा होतो, आणि शेवटी बैलाला जातो. यात काही वावगं झालं असं मला वाटत नाही. बैलही कष्टाचंच खातो.

इंग्रजांनी आपल्याकडच्या किताबांची उतरंड लावली. खाली रावसाहेब, त्यावर रावबहादूर, त्यावर दिवाणबहादूर. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यात 'रावसाहेब' अशी हाक मारली तर बाजारात चार माना वळतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरात सरकारी सनदेचा कागद कधी आला नव्हता. आजोबांना वाटलं, नातवाला कुणीतरी रावसाहेब म्हणावं, आणि ते काम त्यांनी सरकारवर न सोपवता आत्यावर सोपवलं.

मग आताच्या युवराजांना मी का नाक मुरडतो? प्रतापराव हा किताब कुणीतरी, कुणाला तरी, कशासाठी तरी दिला होता. हंबीरराव नावाचं पोर थोडं मोठं झालं की विचारतं, 'गुर्जी, हंबीरराव कोण हो?' आणि त्याला तळबीडच्या मोहित्यांची गोष्ट सांगता येते, पोर ताठ बसून ऐकतं. 'किंग' नावाच्या पोराने 'कुठला किंग?' असं विचारलं तर त्याला काय सांगायचं? युवराज तर त्याहून अवघड. युवराज असायला आधी बाप राजा असावा लागतो, आणि बाप उद्यमबागच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो.

आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद केले. लष्करी आणि विद्येचे मानसन्मान सोडले तर सरकारने कुणाला पदवी द्यायची नाही. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, सबब ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. म्हणजे जन्मभर राबून पद्मश्री मिळवलेल्या माणसाला ती नावाआधी लिहिता येत नाही, आणि ज्याला अजून मान सावरत नाही तो सम्राट!

जगात इतरांनाही हा प्रश्न पडलाय. अमेरिकेच्या राज्यघटनेतही सरकारने सरदारकी वाटायची नाही असं कलम आहे. तिथल्या लोकांनी मग 'अर्ल', 'ड्यूक', 'प्रिन्स' ही नावंच ठेवली. १९५३ ते १९६९ या काळात त्यांचे सरन्यायाधीश होते अर्ल वॉरन, आणि ते काही उमराव नव्हते. जर्मनीने १९१९ साली सरदारक्या मोडल्या, पण जुन्या घराण्यांच्या पदव्या आडनावाचा भाग म्हणून राहू दिल्या. तिथं 'प्रिन्स' हा शब्द आजही आडनावात कायदेशीरपणे बसलेला असतो, राज्य मात्र कुठं नाही. न्यूझीलंडने तर सरळ कायदाच केला. अधिकृत पदवी किंवा हुद्द्यासारखं दिसणारं नाव सबळ कारण असल्याशिवाय नोंदवून मिळत नाही. किंग, प्रिन्सेस, मेजर, जस्टिस ही नावं घेऊन आईबाप जातात आणि परत पाठवले जातात. अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१३ साली एका मॅजिस्ट्रेट बाईंनी 'मसीहा' नावाच्या बाळाचं नाव स्वतःच 'मार्टिन' करून टाकलं. ही पदवी फक्त येशूची, असं त्यांचं म्हणणं. वरच्या कोर्टाने तो आदेश पुढच्याच महिन्यात उडवला, आणि बरोबर उडवला. नाव ठेवणं हे न्यायाधीशाचं काम नव्हे.

मला स्वतःला जपानची हकिकत जास्त विचार करण्यासारखी वाटते. तिथल्या एका आईने मुलाचं नाव चक्क 'राजपुत्र' ठेवलं, आणि तेही नुसतं नाही, वर आदराचा प्रत्यय लावून. आपल्याकडे 'राजकुमारसाहेब' म्हणावं तसं. आईच्या दृष्टीने तो एकुलता एक राजपुत्रच होता, त्यात खोटं काही नाही. पण प्रत्येक नव्या ठिकाणी नाव सांगितलं की लोक हसायचे. अठरा वर्षांचा झाल्यावर, २०१९ साली, तो कौटुंबिक न्यायालयात गेला आणि साधं नाव घेऊन बाहेर आला. आईचं लाडाचं बोलणं घरात किती गोड वाटतं! तेच हजेरीपटावर चढलं की पोराला रोज ऐकावं लागतं.

आता दुसरी बाजू. ती सांगायलाच हवी, कारण असल्या नावांवर कट्ट्यावर हसणाऱ्यांत ज्यांच्या घरी राव आणि पंत पिढ्यान्‌पिढ्या होते तेच जास्त असतात, आणि मी त्यांच्यातलाच. ज्या माणसाला अख्ख्या गावाने जन्मभर 'ए धोंड्या' याखेरीज हाक मारली नाही, त्याने नातवाचं नाव साहेबराव ठेवलं तर त्याला हौस म्हणू नका. साहेबराव म्हटलं की पाटलालाही साहेबराव म्हणावं लागतं. 'साहेब्या' करू पाहणाऱ्याची जीभ अडखळते. अमेरिकेतल्या अलाबामात मेरी हॅमिल्टन नावाची एक कृष्णवर्णीय बाई साक्षीला उभी राहिली. गोऱ्यांना 'मिस्टर', 'मिस' म्हणण्याची तिथली रीत, हिला मात्र वकील नुसतं 'मेरी' म्हणाला. 'मिस हॅमिल्टन' म्हणाल तरच उत्तर देईन, असं तिने सांगितलं. कोर्टाने बेअदबीची शिक्षा ठोठावली आणि ती १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. एका हाकेसाठी एवढं! बाबासाहेब आंबेडकर १९२५ साली परिषदेसाठी आपल्या निपाणीला आले होते. त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव राजरत्न. ते लेकरू १९२६ मध्ये गेलं. ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांच्या घरात 'राज' हा शब्द पाळण्यात उच्चारला जाणं काय असतं, हे आम्हा राव-पंतांना कळायला वेळ लागतो. तेव्हा अशा घरातल्या आत्याबाईंनी माझं बाकीचं पत्र खुशाल बाजूला ठेवावं.

लोकांनी दिलेल्या पदव्यांची गोष्टही वेगळी. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू महाराज झाले. ते छत्रपती होतेच, पण १९१९ साली कानपूरला कुर्मी समाजाने त्यांना 'राजर्षी' म्हटलं आणि लोकांच्या तोंडी तेच बसलं. फुल्यांना 'महात्मा' मुंबईच्या सभेत लोकांनी केलं, १८८८ साली. आपल्या हुदलीचे गंगाधरराव देशपांडे 'कर्नाटकसिंह' झाले तेही असेच. या माणसाच्या आडनावात वतनाचा हुद्दा, नावात राव, आणि तरी लोकांनी वेगळाच किताब दिला. आता 'राजर्षी' नावाची पोरं शाळेत येतात. चालेल. त्यामागे एक माणूस आहे, आरक्षणाचा हुकूम आहे, वसतिगृहं आहेत. मुलाने विचारलं तर सांगायला तासभर पुरणार नाही.

आपल्या मातीतली आणखी एक जोडी आहे. राणी चन्नम्मा काकतीची लेक. १८२४ साली कित्तूरच्या वेढ्यात तिच्या माणसांनी कलेक्टर थॅकरेला मारलं. ती राणी होती, पण तिच्या नावात राणीपणाचं काही नाही. चन्नम्मा, म्हणजे कुणाच्याही घरची आई असावी असं नाव. आणि तिच्यासाठी लढलेला, संगोळीचा साधा शेतसनदी, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात गावची राखण करणारा शिपाई, त्याचं नाव रायण्णा. 'राय' त्याच्या नावात! त्याला १८३१ साली खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. मूल व्हावं म्हणून बायाबापड्या नंदगडला त्याच्या समाधीजवळच्या वडाला लहानसे पाळणे बांधतात, मराठीही आणि कन्नडही. मूल झालं की नाव रायण्णा ठेवतात. मला वाटतं, किताबाचं नाव ठेवण्याची याहून चांगली रीत नसेल. रायण्णा नावाच्या पोराला राजा असल्याची ऐट नसते.

राजेपणाच्या या नावांत मुलींच्या वाट्याला काय येतं तेही बघा. राणी, राजकुमारी, राजनंदिनी ही नावं आहेत, नाही असं नाही. पण 'आमच्या युवराजांचं आगमन' असा फलक जितक्या उत्साहाने लागतो तितक्या उत्साहाने 'आमच्या राजकन्येचं' असा लागलेला मी क्वचितच पाहिला. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने दोनशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली, कारण त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, नकुसा. नको असलेली. ज्या घरात चौथ्या खेपेला युवराज जन्मतो त्या घरात आधीच्या तिघींची नावं काय आहेत, ते आत्याने विचारावं. त्या घरची लेक म्हणून तिला तो हक्क आहे.

पूर्वी दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावं ठेवत ती वेगळ्याच भयाने. पोरं जगत नसत. कचऱ्याचं नाव ठेवलं तर काळाची नजर पडणार नाही, अशी समजूत. आता पोर जगणार हे बापाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून तो बिनधास्त सम्राट ठेवतो. तेवढ्यापुरतं सम्राट हे नाव मला आनंदाचं वाटतं.

मोबाइलवरच्या यादीतल्या नावांवर मी फार शाई घालवणार नाही. रेयांश, कियांश, अव्यान. अर्थ विचारला की 'विष्णूचं नाव आहे' म्हणतात. मी विष्णुसहस्रनाम उघडून बघितलं, तिथं नाही. याउलट बेंगळुरूजवळच्या भद्रापूरच्या हक्की-पिक्की वस्तीत मुलांची नावं गूगल, कॉफी, हायकोर्ट, म्हैसूरपाक अशी ठेवतात. ती ऐकून लोक हसतात. मला ती रेयांशपेक्षा शंभर पटीने खरी वाटतात. पाहिलं, ऐकलं, खाल्लं, आवडलं, ठेवलं! आपण कुंदा खाऊन मोठे झालो, पण पोरीचं नाव कुंदा ठेवायला आता कुणी तयार नाही.

आणि नावावरून किती ताणावं? म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूरला एका जोडप्याचं मुलाच्या नावावरून बिनसलं. तीन वर्षं मूल बिननावाचं राहिलं, प्रकरण घटस्फोटापर्यंत गेलं. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयात 'आर्यवर्धन' हे नाव ठरलं आणि नवरा-बायकोने एकमेकांना हार घातले. बातमी वाचल्यावर माझ्या मनात एकच आलं, या पोराला आत्या नव्हती की काय?

आता व्यवहाराचं. 'राजे' हा शब्द कानाला गोड लागतो, पण तो अर्जाच्या चौकटीत मावत नाही. समजा, नाव ठेवलं शिवराजे, आडनाव पाटील. टाइप करणाऱ्याने 'शिव' आणि 'राजे' यांमध्ये जागा सोडली की पोराचं नाव शिव आणि आडनाव राजे होतं. आधारवर एक, बँकेत दुसरं, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रकावर तिसरं. मग नाडकचेरीत, म्हणजे महसूल कचेरीत, जातीच्या दाखल्याला गेलं की बाप पाटील आणि लेक राजे! राव, साहेब, बहाद्दर यांचीही हीच गत. आपल्या राज्यात आडनाव लिहिण्याची रीत सगळीकडे एकसारखी नाही, कितीतरी जण वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, त्यामुळे खिडकीमागच्या माणसाला 'हे नावात की आडनावात?' हा प्रश्न पडणारच. त्याची चूक नाही.

त्यात आपली नावं कन्नड लिपीतून आणि इंग्रजीतून प्रवास करतात. कन्नडात ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा. 'राजे' मधला कुठला घालायचा हे आपण सांगत नाही, तो त्याच्या मनाने घालतो. इंग्रजी करताना इकडच्या रिवाजाप्रमाणे 'त'ला टी-एच लागतो. मग प्रतापरावाचा कागद पुण्याच्या कॉलेजात गेला की तिथला कारकून 'प्रथापराव' वाचतो. झुंजाररावाचा झ कधी टिकतो, कधी ज होतो. नेसरीला लढताना या अडचणी नव्हत्या.

कायदा काय म्हणतो तेही कानावर घालतो, कारण घाई लावून चुका होतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण त्या वेळी नाव द्यायलाच हवं असं नाही. १९६९ च्या नोंदणी कायद्याखाली नाव मागाहून घालता येतं. बारा महिन्यांच्या आत फी नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून, म्हणजे त्या दिवसानंतर जन्मलेल्यांसाठी, शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हेच जन्म प्रमाणपत्र आधार धरलं जातं. तेव्हा दवाखान्यात कुणी 'नाव सांगा, लवकर सांगा' करून मागे लागलं तर भावाला सांगा, बारसं होऊ दे. तुमचा बारावा दिवस कायद्यात आरामात बसतो.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. युवराज आले याचं मला तितकं दुःख नाही. कल्लाप्पा गेले याचं आहे. कल्लाप्पा, यल्लाप्पा, भरमाण्णा, सातेरी, रवळू या नावांची आपल्याला लाज वाटायला लागली. काहींना ती गावंढळ वाटतात, आणि काहींना, खरं बोलू का, ती कन्नड वाटतात. सीमाभागात राहून मराठीपण सिद्ध करायचं तर पोराचं नाव शंभूराजेच हवं, असं एक मनात बसलंय. पण बघा ना. यल्लाप्पा सौंदत्तीच्या यल्लम्माचा, आणि ती कोल्हापूर-सांगलीच्याही कितीतरी घरांची कुलदैवत. रवळू रवळनाथाचा, त्याची देवळं पार कोकणात-गोव्यात आहेत. सातेरीही तिकडचीच. या नावांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या घरी, शेतात, बाजारात मराठी बोलत आली, मराठी शाळेत शिकली, त्यांच्या नातवंडांनी कडोली, येळ्ळूर, उचगावात मराठी साहित्य संमेलनं भरवली. आमचा गाव किती जुना आणि आम्ही इथं कधीपासून, याचा पुरावा मागणाऱ्याला मी जुनं जनरल रजिस्टर दाखवीन. त्यातल्या शंभर कल्लाप्पांमुळे ते पटतं. राजे तर कुठल्याही शहरात मिळतील.

शिवाय आप्पा, आण्णा, अव्वा, अक्का यांच्यात मान नाही असं कुणी सांगितलं? कल्लूचा कल्लाप्पा झाला की तो मोठाच झाला. हा मान दरबारातून आला नाही, ओसरीवरून आला, आणि तो दिला कन्नड आणि मराठी दोन्ही शेजाऱ्यांनी.

वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथावर तुमचा भाचा शिवबा होऊन उभा राहू दे, मी पहिल्या रांगेत असेन. त्या रात्री तो खुशाल महाराज असू दे. सकाळी मात्र त्याला त्याच्या नावाने उठवता यायला हवं.

तेव्हा आत्याबाई, पुढच्या बारशाला निघताना एवढं करा. भावाला दोन दिवस आधी फोन करा आणि म्हणा, 'नाव ठरवलंस ते ठेव तुझ्यापाशी, मी येऊन बघतो काय ते.' (आपल्याकडच्या बायका 'बघतो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.) गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्याला विचारा, आपला देव कुठला, गावदेवी कोण, पणजोबांचं नाव काय. किताबच हवा असा हट्ट असेल तर ज्याच्यामागे माणूस उभा आहे असा किताब घ्या, आणि तो माणूस कोण ते वहिनीला सांगून ठेवा, पोर पुढे तिलाच विचारणार. मुलगी असेल तर तिच्या थोरल्या बहिणीचं नाव आधी ऐका आणि मग काय ते ठरवा. आणि ठरलेलं नाव एकदा परसात उभं राहून मोठ्याने हाक मारून बघा. शेजारीण हसली तर पुन्हा विचार करा.

कागदाचं काम भावावर सोडू नका. ठरलेलं नाव एका कोऱ्या कागदावर मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत लिहून घ्या, कन्नडसाठी शेजारच्या कन्नड घरातल्या कॉलेजातल्या पोराला बसवा. नाव एकाच शब्दाचं असेल तर ते जोडून लिहा. तो कागदच खिडकीत द्या, तोंडी सांगू नका. प्रमाणपत्र हातात आलं की तिथंच, रांग अडली तरी चालेल, त्यावरचं अक्षर न् अक्षर आपल्या कागदाशी ताडून बघा. काना चुकला असेल तर खिडकी सोडायच्या आधी सांगा. एकदा बाहेर पडलात की पुढे अफिडेव्हिट, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि गॅझेट, आणि भाऊ म्हणणार, नाव तर आत्यानेच ठेवलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शाळामास्तर
तालुका बेळगाव